पाठीवरचे बिऱ्हाड, पायाशी कुत्रा

गेल्या जूनमध्ये, कॉलेज नुकतेच सुरू झाले असताना, आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई विभागात आली. आगाशीजवळच्या गावातून रिक्षाने आलेली, हातात सुकेळ्यांची पुडी. मुलगी बरीच वर्षे कॅनडात, कॅलगरी शहरात, तिथल्या रुग्णालयात काम करते. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. आता तिने असे ठरवले होते की ऑगस्टमध्ये चौदा दिवसांची रजा घ्यायची, एक घरगाडी भाड्याने घ्यायची, म्हणजे जिच्यात निजायची आणि रांधायची सोय असते अशी मोटार, आणि कॅलगरीहून विनिपेगपर्यंत जाऊन परत यायचे. एकटीने. जाताना सुमारे तेराशे किलोमीटर, आणि बहुतेक सारा रस्ता गवताळ सपाटीतून.

"सर, मॅडम, तुम्ही सांगा तिला. तुमचे ती ऐकते. बाईमाणसाने एकटीने एवढ्या लांब? बरे, सोबत कोण, तर कुत्रा!"

आम्ही दोघे एकाच विभागात मराठी शिकवतो. लिहितो म्हणून सांगितले आणि त्यांची समजूत घातली. पण आमचे पत्र जाण्याआधी त्याच रात्री तिचेच पत्र आले. "आई तुमच्याकडे येऊन गेली असणार. मला थांबवण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे द्या. आपल्याकडे असे कुणी गेले आहे का? आणि प्रेअरीला मराठीत काय म्हणायचे?"

विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न परतवून लावणे हा शिक्षकाचा धर्म नव्हे. पुढचे लेखन हे त्या पत्राचेच उत्तर आहे. ते इतरांनीही वाचावे असे वाटल्यामुळे येथे विस्ताराने देत आहोत.

*

पहिला प्रश्न आधी घेऊ. असे कुणी गेले आहे का, या प्रश्नात तीन गोष्टी गुंतल्या आहेत : एकटेपण, फिरते घर आणि कुत्रा. त्यांतले एकटेपण आपल्या भाषेला फारसे मानवत नाही. गावाला निघालेल्या माणसाला मराठी माणूस 'कुठे?' असे विचारतो आणि लगेच 'कोणाबरोबर?' असेही विचारतो. 'सोबत' हा आपला फार जुना शब्द. सोबत म्हणजे रक्षण, आधार, साक्ष. याउलट 'एकटदुकट' हा शब्द उच्चारताच वाट अंधारते. आपली यात्रा संघाने होते, वारी दिंडीतून होते. आम्हां वसई-विरारकरांचे तर विचारूच नये. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली असे रेल्वेचा इतिहास सांगतो; तेव्हापासून प्रवास म्हणजे दुसऱ्याचा कोपर आपल्या बरगडीत, हीच आमची व्याख्या होत गेली. सकाळच्या विरार लोकलमध्ये उभ्या असलेल्या माणसाला 'एकट्याने प्रवास' ही कल्पना एकाच वेळी हास्यास्पद आणि हेवा वाटावी अशी वाटते.

साहित्यातही हेच दिसते. मराठीतल्या आधुनिक प्रवासवृत्तांचा धागा जिथून धरण्याची प्रथा आहे ते 'माझा प्रवास' पाहावे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते काका रामभटांबरोबर. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, हा हेतू. वाटेत बंड उसळले, झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, आणि तरीही गंगेची कावड घेऊन घरी आले. शीर्षकात 'माझा' असला तरी हा प्रवास दोघांचा आहे. काकांच्या सल्ल्याशिवाय एकही मुक्काम हलत नाही. शंभर वर्षांनी 'अपूर्वाई'त पु. ल. देशपांडे युरोपात हिंडतात तेही सुनीताबाईंसह, आणि त्या पुस्तकातली गंमत बरीचशी या जोडीतून येते. मधल्या काळात अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' आहे, गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' आहे. पण तिथेही लेखक एका समाजातून निघून दुसऱ्या समाजात जातो, मोकळ्या रानात नव्हे.

खरे एकटे निघालेले कोण? धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचा हा तरुण बुद्धाविषयीच्या ओढीने १८९९ साली घर सोडतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी त्याची वाट. खिशात पैसा नाही, पुढच्या मुक्कामाची खात्री नाही. 'निवेदन' हे त्याचे आत्मवृत्त १९२४ साली आले आणि त्यातला निर्मळ, निरलंकार गद्याचा नमुना आम्ही आजही वर्गात वाचून दाखवतो. दुसरे गो. नी. दांडेकर. त्यांच्या नर्मदापरिक्रमेच्या पुस्तकाचे नावच 'कुणा एकाची भ्रमणगाथा'. या 'कुणा एकाची'मध्ये दोन अर्थ दडले आहेत : कुण्या अनामिकाची, आणि एकट्याची. मराठीत एकटा निघालेला माणूस आपले नाव जणू घरीच ठेवून निघतो.

पण विद्यार्थिनीला ही नावे कळवताना आमचा हात अडखळला. धर्मानंद निघाले तेव्हा घरी पत्नी होती, लहान मुलगी होती. 'निवेदना'त त्यांनी ते लपवलेले नाही. पुरुष एकटा निघतो तेव्हा मागे कुणीतरी घर धरून बसलेले असते. घर धरून बसणाऱ्या त्या व्यक्तीची भ्रमणगाथा कुणी लिहीत नाही. मग बाई एकटी निघाली ती कधी? ज्या बाईला घरच उरले नाही, ती निघाली. येथे आम्ही पंडिता रमाबाईंपाशी येतो, आणि आश्चर्य असे की येथे प्रेअरीही भेटते.

*

रमाबाईंचे बालपणच मुळी वाटेवर गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, समाजाचा रोष पत्करला, आणि पुढे सारे कुटुंब क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगत हिंडू लागले. देवळाची ओवरी हे घर. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीण गेली. उरली ती रमा आणि भाऊ श्रीनिवास. ही दोघे हजारो मैल पायी चालत, कधी उपाशी, कधी रानातली फळे खाऊन, १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तिथे त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी विवाह झाला; १८८२ च्या आरंभी तेही गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आईवडील, बहीण, भाऊ, पती असे एकेक करून सारे सोबती वाटेवर गळून पडले, आणि कडेवर एक लहान मुलगी राहिली.

हे वाचताना महाप्रस्थानिक पर्वाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तिकडे नंतर येऊ.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात पोचल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. काही आठवड्यांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई अमेरिकेत पावणेतीन वर्षे राहिल्या. बालशिक्षणाची पद्धत शिकल्या, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध केले, त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये त्यांच्या कार्याला साहाय्य करणारी संस्था उभी राहिली. विधवांसाठी शाळा काढायची, त्यासाठी पैसा जमवायचा, म्हणून गावोगाव व्याख्याने देत त्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत गेल्या आणि १८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे स्वदेशी परतल्या. पूर्वेचा समुद्र सोडून पश्चिमेचा गाठायचा तर मधली शेकडो मैलांची गवताळ मैदाने ओलांडावीच लागतात. खंड ओलांडणारी पहिली रेल्वे १० मे १८६९ रोजी पुरी होऊन अवघी एकोणीस वर्षे झाली होती. देवळाच्या ओवरीत वाढलेली, पायी हिंदुस्थान पालथा घातलेली तिशीची एक ब्राह्मण विधवा, जी आता ख्रिस्ती झाली होती, आगगाडीच्या खिडकीशी बसून प्रेअरी पाहते आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासातला हा एक विलक्षण क्षण आहे.

आणि हा क्षण रमाबाईंनी फारसा लिहिलेला नाही.

१८८९ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचे नाव पाहावे : 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. आरंभी समुद्रप्रवास आहे, पण मग राज्यपद्धती, घरची राहणी, शिक्षण, धर्मपंथ आणि परोपकारी संस्था, स्त्रियांची स्थिती, व्यापारउदीम अशी प्रकरणे येतात आणि प्रवास करणारी 'मी' मागे मागे सरकत जाते. विद्यार्थी नेहमी तक्रार करतात की यात प्रवासवर्णन आहेच कुठे? आम्हीही पूर्वी ही त्या पुस्तकाची उणीव मानत होतो. आता तसे वाटत नाही. जिला एकटेपण हौसेने नव्हे तर मरणांनी दिले, तिला ते मिरवण्याचे कारण नव्हते. या देशातल्या बायका काय करतात, त्या संस्था कशा चालवतात, आणि हे आपल्याकडे कसे नेता येईल, एवढेच त्यांना पाहायचे होते. मात्र पाहताना त्यांची दृष्टी भाबडी नव्हती. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांशी आणि गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या लोकांशी गोऱ्यांनी केलेल्या व्यवहारावर त्यांनी परखड लिहिले आहे. खिडकीबाहेरची मैदाने रिकामी का दिसतात, हे त्यांना ठाऊक होते.

परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. प्रवासाचे फळ पुस्तकाच्या आधी शाळेच्या रूपाने दिसणे, हाही प्रवासवर्णनाचाच एक प्रकार म्हणावा.

*

आता कुत्र्याकडे वळू. एकट्याने, घरगाडीतून, कुत्र्यासह केलेल्या प्रवासाचा आदर्श म्हणून ज्याचे नाव घेतात ते पुस्तक अर्थात जॉन स्टाइनबेकचे 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली'. १९६० च्या सप्टेंबरात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, स्टाइनबेकने मालमोटारीवर खोलीवजा घर बसवून घेतले, तिला दोन किहोतेच्या घोड्याचे, रोसिनान्ते हे नाव दिले, चार्ली नावाचा पूडल जातीचा कुत्रा सोबत घेतला आणि सुमारे दहा हजार मैलांचा फेरा मारला. पुस्तक १९६२ मध्ये आले आणि त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. चार्ली या पुस्तकात दोन कामे करतो. अनोळखी माणसांशी बोलणे सुरू करायला तो निमित्त होतो, आणि कुणीच नसते तेव्हा लेखकाला स्वतःशी बोलण्याची लाज वाटू देत नाही.

पण या आदर्शाची पुढची हकीकत आम्हांला विद्यार्थिनीला सांगावीशी वाटली. प्रवासाला पन्नास वर्षे होत असताना बिल स्टायगरवॉल्ड या पत्रकाराने तोच मार्ग पुन्हा कापला, स्टाइनबेकची पत्रे तपासली, आणि पुष्कळ ठिकाणी मेळ बसत नाही असे दाखवले. बऱ्याच रात्री लेखक हॉटेलात होता. प्रवासाच्या मोठ्या भागात पत्नी इलेन बरोबर होती. प्रेअरीवरचा, नॉर्थ डकोटातल्या ॲलिस गावाजवळचा, एका फिरत्या नटाच्या भेटीचा सुंदर प्रसंग आहे. पण पत्नीला लिहिलेल्या पत्रावरून तो त्या रात्री तिथून तीनशेहून अधिक मैल दूर असलेल्या बीच गावी मोटेलात होता असे दिसते. २०१२ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हे पुस्तक शब्दशः खरे धरू नये असा इशाराही आला.

आपल्याला हे परके नाही. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी छापला तो पुष्कळ फेरफार करून. मूळ हस्तलिखिताचा पाठ वाचकांच्या हाती आला तो १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांमुळे. गोडसे भटजींच्या पुस्तकात दुसऱ्याने भर घातली. स्टाइनबेकने स्वतःच सोबत वजा केली. एकटेपण हे पुष्कळदा रस्त्यावर नसते. ते परतल्यावर, लिहिताना, घडवले जाते. मागे राहिलेली बायको कोसंबींच्या पुस्तकात निदान दिसते. बरोबर असलेली बायको स्टाइनबेकच्या पुस्तकात बरीचशी पुसली जाते. चार्ली मात्र सर्वत्र आहे.

याच लेखकाचे दुसरे पुस्तक शेजारी ठेवले म्हणजे मुद्दा अधिक टोचतो. 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या १९३९ च्या कादंबरीत ओक्लाहोमातले जोड कुटुंब कर्जापायी आणि धुळीच्या वादळांपायी जमीन गमावून एका जुन्या ट्रकवर सारा संसार लादून पश्चिमेकडे निघते. तेही फिरते घरच. त्यांच्याबरोबरही एक कुत्रा असतो. प्रवासाच्या आरंभीच हमरस्त्यावर तो गाडीखाली सापडतो. एकवीस वर्षांनी तोच लेखक स्वतःसाठी खास घरगाडी बांधून घेतो आणि आपल्या कुत्र्याला सुखरूप घरी आणतो. रस्ता तोच, चाके तीच. निवडून निघालेला आणि हाकलला गेलेला यांतला फरक कुत्र्याच्या नशिबातही उतरतो.

*

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण गरिबीसाठी वापरतो. घरगाडी श्रीमंतीची खूण झाली आहे. पण पाठीवरचे बिऱ्हाड, मोकळे गवत आणि कुत्रा यांचा मेळ आपल्याकडे अगदी जुना आहे. तो पुस्तकांच्या कपाटात सापडत नाही इतकेच. फलटण-बारामतीकडचे धनगर पावसाळा आपल्या कोरड्या मुलखात काढतात आणि दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे उतरतात. घोड्यावर संसार : भांडी, घोंगड्या, कोंबड्या, तान्ही पोरे. रात्री शेतात मेंढरे बसवायची, त्या खताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचे, आणि पुढे चालू लागायचे. लांडग्यावर नजर कुत्र्याची. या फिरत्या तळाला ते 'वाडा' म्हणतात. आपल्या गावांत आणि नाटका-कादंबऱ्यांत वाडा म्हणजे चिरेबंदी, न हलणारा, पिढ्यांना धरून ठेवणारा. त्यांचा वाडा रोज संध्याकाळी उतरतो आणि सकाळी उठतो. एकाच शब्दात महाराष्ट्राची दोन टोके नांदतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. गुंथर सोन्थायमर हा जर्मन अभ्यासक धनगरांच्या ओव्या आणि दैवते समजून घेण्यासाठी वर्षानुवर्षे त्यांच्यात हिंडला. खंडोबाच्या वाघ्यांकडेही त्याने बारकाईने पाहिले : देवाचे कुत्रे म्हणवणारे, त्याच्यासाठी भुंकणारे भक्त. आपल्या शिष्ट वाङ्मयात कुत्रा पाळीव प्राण्यांच्या विनोदाचा विषय होतो. लोकधर्मात तो भक्त होतो, दत्ताच्या पायाशी बसतो.

प्रेअरीवरची गोष्टही हीच आहे. तिथे पहिली घरगाडी मोटारीची नव्हती, घोड्याचीही नव्हती. स्पॅनिश लोकांनी आणलेले घोडे त्या मैदानांत पोचण्यापूर्वी तिथले लोक कुत्र्यांना सामान वाहायला लावत. दोन लांब काठ्या कुत्र्याच्या खांद्यांशी बांधायच्या, त्यांची दुसरी टोके जमिनीवर फरफटत राहतील, आणि मध्ये तंबूची कातडी, भांडी, सामान ठेवायचे. कुत्रा घर ओढत चाले. घोडा आला तेव्हा क्री भाषेने त्याला दिलेले नाव मिस्तातिम, म्हणजे 'मोठा कुत्रा'. भाषेच्या अभ्यासकांनी या शब्दापाशी क्षणभर थांबावे. आपल्याला कुत्रा हा घरगाडीतला हौशी सोबती वाटतो. त्या भाषेच्या स्मृतीत घोडाच कुत्र्याचा उत्तराधिकारी आहे.

मग ही मैदाने मोजली गेली, एकशेसाठ एकरांचे तुकडे पडले : अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने, कॅनडात १८७२ च्या. १८८५ मध्ये कॅनडाचीही रेल्वे खंडाच्या आरपार गेली. कोट्यवधी बायसन मारले गेले, एकोणिसावे शतक सरताना हजाराच्याही आत उरले. चालते घर असणाऱ्यांना राखीव जमिनींवर बसवले गेले. त्यानंतर ती भूमी 'विस्तीर्ण, निर्मनुष्य' दिसू लागली आणि एकट्या प्रवाशासाठी मोकळी झाली.

*

यातून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. प्रेअरीला मराठीत काय म्हणावे? 'गवताळ प्रदेश' हा भूगोलाच्या पुस्तकातला शब्द. त्याला वास नाही. माळ म्हणावे तर माळाला खडक आणि खुरटेपण चिकटलेले आहे. कुरण म्हणावे तर ते कुणीतरी राखलेले असते. गायरान गावाचे असते. मराठीत गवताचा प्रत्येक शब्द जाता जाता सांगतो की इथे कोण चारतो, कोण राखतो, कोणाची मालकी. बेवारशी गवताला आपल्याकडे शब्द नाही, आणि याची लाज वाटायचे कारण नाही. 'प्रेअरी' हाही इंग्रजी शब्द नव्हेच. फ्रेंचांनी आपल्या घरच्या लहानशा कुरणाचे नाव त्या अफाट पसाऱ्याला दिले. नवे दिसले तेव्हा त्यांनीही जुनेच नाव वापरले.

आमच्या पालघर जिल्ह्याने तर गवताकडे केवळ देखावा म्हणून पाहू नये. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातल्या जमीनदारांचे गवत कापणाऱ्या वारली मजुरांनी १९४५ साली पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मागितली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मारले गेले. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचले आहे त्यांना पावसाळा सरताना वाऱ्यावर डुलणारे गवत नुसते डुलताना दिसत नाही. एका अनोळखी मुलखात पायी शिरलेल्या बाईने लिहिलेले हे पुस्तक आम्ही आजवर चळवळीचा इतिहास म्हणून शिकवले. ते प्रवासवृत्त म्हणूनही वाचता येईल, हे या निमित्ताने सुचले.

आणि येथेच आम्हांला आमची एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. सोळा वर्षांपूर्वी हीच विद्यार्थिनी एम.ए.च्या प्रकल्पासाठी जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा करायची म्हणत होती. आम्ही सांगितले, एकटी जाऊ नकोस, भावाला घेऊन जा. भावाला रजा मिळाली नाही. प्रकल्प ग्रंथालयात बसून, छापील संग्रहांवरून पुरा झाला. गुण चांगले मिळाले. तिने तेव्हाही तक्रार केली नाही आणि आताच्या पत्रातही त्याचा उल्लेख केला नाही. पण 'मला थांबवण्याआधी' हे तिचे शब्द कुठून आले ते आम्हांला कळले. वर्गात आनंदीबाई आणि रमाबाई शिकवायच्या आणि वर्गाबाहेर भाऊ घेऊन जा म्हणायचे, हे आमच्याकडून घडले आहे. ज्या ओव्या तिने त्या वर्षी ऐकल्या असत्या, त्या गाणाऱ्या बायका आता असतील-नसतील.

*

महाप्रस्थानिक पर्वाकडे येतो म्हणालो होतो. ते आपल्या परंपरेतले एकट्याच्या प्रवासाचे सर्वांत मोठे चित्र. द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम असे एकामागून एक पडतात. युधिष्ठिर मागे वळून न पाहता चालतो आणि शेवटी त्याच्याबरोबर उरतो तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो, कुत्र्याला सोडून चल म्हणतो. आपल्यावर विसंबलेल्याचा त्याग करून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिर नाकारतो. ही कथा सर्वांना पाठ आहे. पण एक बारीक गोष्ट आपण सहसा विसरतो. तो कुत्रा शेवटी अचानक प्रकट झालेला नाही. हस्तिनापुराहून निघतानाच व्यासांनी मोजदाद केली आहे : पाच भाऊ, सहावी द्रौपदी, आणि सातवा कुत्रा. पहिल्या पावलापासून तो हिशेबात आहे. धर्मराज एकटा उरला असे आपण म्हणतो ते सातव्याला न मोजल्यामुळे.

तेव्हा विद्यार्थिनीला आम्ही लिहिले ते असे. असे कुणी गेले आहे का, तर हो, गेले आहेत. पण ज्यांनी लिहिले ते बहुतेक पुरुष होते, आणि जी बाई खरोखर त्या मैदानांतून गेली तिने स्वतःविषयी लिहिले नाही. ती जागा रिकामी आहे. घरगाडी ही नवी गोष्ट नाही, कुत्राही नवा नाही. ज्या लोकांची ती रीत होती त्यांची नावे वाटेवरच्या गावांत अजून सापडतील, ती वाचत जा. शब्द मात्र आम्हांला सापडला नाही. तो कपाटातून मिळण्यासारखा नाही. गवत पाहून आलेल्या मराठी माणसाला तो सुचला तर सुचेल. आणि परवानगीचे म्हणशील, तर ती देण्याचा अधिकार आमचा नव्हता. सोळा वर्षांपूर्वीही नव्हता.

पत्र पाठवून झाल्यावर एका रविवारी आगाशीला गेलो. तिच्या आईला सारे सांगणे आवश्यक होते आणि ते सोपे नव्हते. रमाबाईंची हकीकत त्यांनी लक्ष देऊन ऐकली. युधिष्ठिराची त्यांना ठाऊकच होती. सातव्याच्या मोजणीपाशी त्या थांबल्या, बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याचे नाव मोती आहे."

आत जाऊन त्या दोन पुड्या घेऊन आल्या. एक आमच्यासाठी. दुसरी कुरिअरने कॅनडाला पोचेल का, आणि कुत्र्याला सुकेळी चालतात का, हे तिला विचारून कळवा, असे त्यांनी सांगितले.